कुलूप कॉम्प्युटरला, किल्ली कुणाकडे?

(गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर येथे बचत गटांतील महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजच्या विषयाचे नाव ऐकून मागे बसलेल्या काही जणी हसल्या. साहजिक आहे. दारू, रेशन, पाणी, नांदवत नाही म्हणून माहेरी परतलेली मुलगी, हे आपले विषय. घरच्या कॉम्प्युटरमध्ये नको ती सॉफ्टवेअर शिरतात, ती कशी अडवायची, हा दुरुस्तीवाल्या पोराचा विषय. त्यासाठी बायकांचा मेळावा कशाला?

कशाला ते सांगते. आपले गाव शहराला चिकटलेले. गांधीनगरची कापडपेठ जवळ, गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत जवळ. घरातले कुणी ना कुणी तिथे कामाला. २००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हापासून पोरांच्या परीक्षेसाठी घराघरात कॉम्प्युटर येऊ लागला. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आली आणि उरलेल्या घरांतही एखादा जुना लॅपटॉप आला. तो आणला मुलांसाठी. मुले शिकून पुण्याला गेली आणि मशीन आईकडे राहिले. आज गटाचा हिशेब त्यावर आहे, शिलाईच्या ऑर्डरी त्यावर आहेत, सातबारा त्यावर बघतो, लाइट बिल त्यावर भरतो. म्हणजे ज्या वस्तूवर बाईचे काम चालते ती वस्तू घरात आहे. पण ती कुणाची आहे, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. नको असलेल्या सॉफ्टवेअरचा विषय काढला की हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

माझ्या आत्याची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. आत्या विधवा आहे, साठीची आहे. ब्लाऊज शिवते आणि गटाचे हिशेब ठेवते. तिला मराठीत टाइप करायचे होते. तिने ‘मराठी टायपिंग फुकट’ असे शोधले. जे पान उघडले त्यावर तीन हिरवी बटणे होती, तिन्हींवर ‘डाउनलोड’ लिहिलेले. त्यातले एक खरे, दोन जाहिरातीची. तिने दाबले ते जाहिरातीचे. दुसऱ्या दिवसापासून गुगलच्या जागी भलतेच पान उघडू लागले. कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी चिठ्ठी यायची, कधी बक्षिसाची, कधी अर्ध्या कपड्यांतल्या बाईची. एक दिवस सगळा पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला, इंग्रजीत कुणीतरी बोलू लागले आणि खाली एक फोन नंबर आला. आत्याने भिंतीवरची पिनच उपसून काढली.

पिन काढली हे तिने बरोबर केले. तो नंबर लावला असता तर पलीकडच्या माणसाने ‘तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो’ म्हणून दुरून ताबा घेणारे सॉफ्टवेअर टाकायला लावले असते आणि बँकेचे खाते त्याच्या हातात गेले असते. दुरून ताबा घेणाऱ्या अशाच एका अ‍ॅपबद्दल, एनीडेस्कबद्दल, रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. एनीडेस्क हे तसे कामाचे साधन आहे, ऑफिसातली माणसे वापरतात. ओळख नसलेल्याच्या सांगण्यावरून ते टाकले की घात होतो.

पण आत्याने हे आठ दिवस कुणालाच सांगितले नाही. दिवाळीला मुलगा आला, त्याने मशीन सुरू केले आणि कोपऱ्यातले ते चित्र बघितले. त्याचा पहिला प्रश्न काय होता? “आई, तू काय बघत होतीस?” आत्या मला नंतर म्हणाली, “मी कायसुद्धा बघितलं नाही गं, आपोआपच आलं बघ. पण पोराच्या तोंडाकडं बघायची लाज वाटली मला.”

मैत्रिणींनो, या घाणेरड्या सॉफ्टवेअरचा धंदाच या लाजेवर चालतो. कुणी विचारणार नाही, कुणी सांगणार नाही, म्हणून ते महिनोन् महिने आत बसून राहते. बाईच्या बाबतीत तर ते तिच्या चारित्र्यावर शिंतोडा उडवून जाते. पैसे गेले तर भरून काढता येतात. साठ वर्षांच्या बाईला स्वतःच्या मुलासमोर खुलासा करावा लागला, ते कशाने भरून काढायचे?

मुलगा वाईट नाही. त्याने तासाभरात मशीन साफ केले आणि आईच्या काळजीपोटी त्याला कुलूप घातले. पासवर्ड स्वतःकडे ठेवला. “आई, तू आता हात लावू नकोस. काही हवे असले तर मला फोन कर.” झाले. नको असलेले सॉफ्टवेअर गेले आणि त्याच्याबरोबर आत्यासुद्धा बाहेर गेली. तीन वर्षांचे हिशेब आत. पुढे कळले की पासवर्ड दहा वर्षांच्या नातवाला माहीत होता, त्याला खेळ खेळायला सांगितला होता. आत्या हिशेब काढायला नातवाची विनवणी करत होती.

आता यात नवीन काय आहे? बाईला धोका आहे म्हणून बाईलाच घरात ठेवा, हा उपाय आपल्या ओळखीचा आहे. मुलीची छेड काढली की मुलीची शाळा बंद. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: कुलूप जरूर लावा, चांगले भक्कम लावा, पण जिचे काम त्या मशीनवर चालते तिच्या हातात किल्ली राहिली पाहिजे. नाहीतर चोरासाठी लावलेल्या कुलपात घरमालकीणच अडकते.

आत्याच्या घरी आम्ही दोन रविवार बसलो. मुलालाही फोनवर घेतले. काय काय केले ते क्रमाने सांगते. लिहून घ्या.

पहिले काम सातबाऱ्याचे. विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारची खाती असतात. एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे तो. तो नवे सॉफ्टवेअर टाकू शकतो, काढू शकतो, दुसऱ्याचा पासवर्डही बदलू शकतो. दुसरे स्टँडर्ड, म्हणजे कसणारे कूळ. ते रोजचे सगळे काम करू शकते, पण जमीन विकू शकत नाही. बहुतेक घरांत एकच खाते असते आणि ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असते. त्यामुळे चुकून आत आलेल्या सॉफ्टवेअरलाही मालकाचा अधिकार मिळतो. आम्ही दोन खाती केली. रोजच्या कामाला स्टँडर्ड खाते, आत्याच्या नावाचे. दुसरे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, त्याला तिने नाव दिले ‘मालकीण’. त्याचा पासवर्ड तिने जात्यावरच्या ओवीतले चार शब्द जोडून केला. कोणते ते मलाही माहीत नाही. कागदावर लिहून पाकिटात घातला आणि पाकीट कपाटात, बँकेच्या पासबुकाजवळ ठेवले. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बाईचे नाव सातबाऱ्यावर लावायला सांगितले, ते जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. हे तसेच काम आहे, फक्त तलाठ्याकडे जावे लागत नाही.

आता काही नवे सॉफ्टवेअर आत येऊ लागले की बहुतेक वेळा पडदा थांबतो आणि मालकिणीचा पासवर्ड मागतो. आत्याला एकच नियम सांगितला: मी स्वतः शोधायला गेले नव्हते, ते आपणहून दारात आले, तर पासवर्ड द्यायचा नाही. काही सॉफ्टवेअर पासवर्ड न मागताही शिरतात, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच घ्या’ असेही करून ठेवले. कुलपावर कडी.

दुसरे काम, खाते कुणाच्या मेलवर आहे ते बघणे. हल्ली नवा कॉम्प्युटर सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागतो. बसवून देणारा मुलगा किंवा दुकानदार घाईत स्वतःचा मेल आणि स्वतःचा मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. मग पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड त्याच्याकडे जातो. आणखी एक. नव्या मशीनमध्ये आतली माहिती पुष्कळदा आपोआप कुलूपबंद होते आणि त्याची ४८ आकड्यांची किल्ली त्याच खात्यात जाऊन बसते. उद्या मशीनने ते ४८ आकडे मागितले आणि ते खाते भावाचे, दिराचे किंवा दुकानदाराचे असले, तर तुमचे हिशेब तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. तेव्हा मेल तुमचा, नंबर तुमचा आणि ती किल्ली कागदावर उतरवून त्याच पाकिटात.

नंबर कुणाचा याने काय होते ते लाडक्या बहिणीच्या वेळी आपण बघितलेच. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी मागितला गेला. विधवा आणि टाकलेल्या बायकांनी ओटीपी कुणाच्या फोनवरून आणायचा? ओरड झाली तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. त्याच सुमारास योजनेच्या नावाची खोटी संकेतस्थळेही निघाली होती. घाई आणि भीती एकत्र आली की फसवणाऱ्यांचे फावते.

तिसरे काम सफाईचे. बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी उघडली आणि एकेक नाव आत्याने वाचले. “हे तू टाकलंस? हे कशाला लागतं?” ज्याचे उत्तर आले नाही त्याची आधी चौकशी केली, मग काढले. मशीनला लागणारी काही नावे अनोळखी असतात, ती घाईने काढायची नाहीत. कोपऱ्यातल्या चिठ्ठ्या येत होत्या ब्राउझरमधून. कुठल्यातरी पानाने ‘सूचना पाठवू का?’ विचारले होते आणि तिने ‘अलाउ’ दाबले होते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन’ म्हणून जागा आहे, तिथे अशा पानांची यादी असते. सगळी काढून टाकली आणि पुढे कुणी विचारूच नये असे करून ठेवले. ज्या चित्रामुळे तिला खुलासा करावा लागला, ते एवढ्याने गेले.

चौथे, राखणदार. विंडोजमध्ये स्वतःचा व्हायरस अडवणारा कार्यक्रम आधीच असतो, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत. तो चालू आहे ना, एवढे बघा. फुकटचे म्हणून आणखी दोन-तीन वर लादू नका. अवास्ट ही त्या धंद्यातली नावाजलेली कंपनी. तिने वापरणाऱ्यांची माहिती, कोण कुठली पाने बघते ती, विकली, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. कुंपणाने शेत खाल्ले म्हणतात ते हेच. नवे कोरे मशीनसुद्धा स्वच्छ असेलच असे नाही. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचे जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच आले होते. २०१५ साली ते उघडकीला आले. तेव्हा ‘बाईने काहीतरी दाबले’ हा आरोप करण्याआधी जरा थांबावे.

पाचवे, विंडोज कुठले आहे? पैसे वाचवायला दुकानदार ‘क्रॅक’ करून देतो. ते क्रॅक करणारे सॉफ्टवेअर कुणी केले, त्यात आणखी काय भरले, ते त्यालाही माहीत नसते. शिवाय विंडोज १० ची नेहमीची फुकट दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. जुने मशीन लगेच टाकायला नको, पण त्यावर बँकेचे व्यवहार करू नका आणि पुढची सोय जाणकाराला विचारा.

सहावे, मराठी टायपिंग. ज्यापायी हे रामायण झाले ती मराठी कळफलकाची सोय आजच्या विंडोजमध्ये मुळातच आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घ्यायची, की इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटवण्याचा पर्यायही मिळतो. काहीही डाउनलोड करावे लागत नाही. हे तिला कुणी सांगितले नव्हते. बायकांना माहिती मिळत नाही आणि मग ‘तुला कळत नाही’ असे त्यांनाच ऐकवले जाते.

सातवे, हिशेबाची दुसरी प्रत. महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि तो काढून कपाटात ठेवायचा. मशीनलाच लावून ठेवला तर मशीनबरोबर तोही बिघडेल. आणि गटाची कागदी वही बंद करायची नाही.

आत्याच्या मुलाला हे सगळे पटायला थोडा वेळ लागला. “पुन्हा काही झाले तर?” असे त्याने विचारले. आत्याने उत्तर दिले, “झालं तर तुला फोन करीन. पण तुला फोन करायलासुद्धा मला आधी माझं मशीन उघडता आलं पाहिजे की!” आता तो दोन महिन्यांतून एकदा तिच्या शेजारी बसतो. माउस तिच्या हातात असतो.

आता दुसऱ्या बाजूकडे येते, कारण सगळ्याच घरांत मुलगा असा समजूतदार नसतो. नको असलेले सॉफ्टवेअर दर वेळी बाहेरच्या चोराचे नसते. बायकोने काय शोधले, कुणाला लिहिले, कुठली कळ दाबली, ही सगळी नोंद गुपचूप ठेवणारी सॉफ्टवेअर विकत मिळतात. ‘मुलांवर लक्ष ठेवा’ म्हणून त्यांची जाहिरात होते. अशाच धंद्यातल्या स्पायफोन या कंपनीवर २०२१ मध्ये अमेरिकेच्या त्याच व्यापार आयोगाने बंदी घातली. आपल्याकडे २०१३ साली भारतीय दंड संहितेत ३५४ ड हे कलम आले. बाईच्या इंटरनेट, ईमेल वापरावर पुरुषाने पाळत ठेवणे हा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ७८ म्हणून आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. काही अपवाद कलमात आहेत, पण नवरा आहे म्हणून सूट, असे त्यात लिहिलेले नाही. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले. मात्र हेही माहीत असू द्या की नवरा-बायकोच्या भांडणात चोरून केलेले फोनचे रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून येऊ शकते, असा निर्णय त्याच न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. म्हणजे पाळतीचा प्रश्न कोर्टाच्या पायरीपर्यंत आपल्याबरोबर येणार आहे.

अशी शंका आली तर एक काळजी घ्या. मारहाणीच्या घरात ते सॉफ्टवेअर एकदम काढू नका. काढल्याचे त्याला कळते आणि राग बाईवर निघतो. आधी दुसऱ्याच मशीनवरून किंवा मैत्रिणीच्या फोनवरून मदत मागा. पडद्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. महिलांसाठी १८१ नंबर आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत, आणि आपली संघटना आहे. पासवर्ड बदलायचे तेही स्वच्छ मशीनवरून.

मुलांच्या बाबतीतही बोलू. लहान मुलांच्या कॉम्प्युटरला बंधन असावे, पण त्यांना सांगून असावे, वयाबरोबर सैल होणारे असावे आणि मुलाला व मुलीला सारखे असावे. मुलाला रात्रभर खेळ आणि मुलीला पासवर्डच नाही, याला मी सुरक्षितता म्हणणार नाही.

इथे बसलेल्या कार्यकर्त्यांसाठी वेगळे दोन शब्द. पुणे पोलिसांनी नोंदवलेल्या एल्गार परिषद प्रकरणात रोना विल्सन यांना जून २०१८ मध्ये अटक झाली. त्यांच्या लॅपटॉपमध्ये सापडलेली पत्रे पुरावा म्हणून पुढे आली. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी करणाऱ्या संस्थेचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. २०१६ साली एका ईमेलमधून नेटवायर नावाचे सॉफ्टवेअर त्या लॅपटॉपमध्ये शिरले आणि ती पत्रे बाहेरून आत ठेवली गेली, असे त्यात म्हटले आहे. तपास यंत्रणेने हे मान्य केले नाही. विल्सन यांना उच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, साडेसहा वर्षांनी. निकाल न्यायालय देईल. आपण त्यातून एवढे घ्यायचे की एका जोडपत्रावर केलेली टिचकी कुठवर जाऊ शकते. आपल्याकडे पीडित बायकांचे जबाब असतात, पत्ते असतात. ते घरच्या सामाईक खात्यावर ठेवू नका आणि ओळखीच्या नावाने आलेले जोडपत्रही फोन करून विचारल्याशिवाय उघडू नका.

शेवटी तीन ठराव मांडते. प्रत्येक गटातल्या दोघी जणींनी ही सात कामे शिकून घ्यावीत. एक नको, दोघी, म्हणजे एकीवर अवलंबून राहावे लागणार नाही. गटाचा हिशेब ज्या मशीनवर आहे त्याचे मालकीचे खाते त्या बाईच्याच नावावर असावे. आणि तिसरा ठराव वागण्याचा आहे. कुणी म्हणाली, “पडद्यावर काहीतरी आलंय,” तर तिला “काय केलंस?” असे विचारायचे नाही. “काय दिसतंय ते सांग,” असे म्हणायचे. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन लावायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यात जातात.

पुढच्या बैठकीला ज्यांना जमेल त्यांनी लॅपटॉप घेऊन या. ज्यांचा मोठा कॉम्प्युटर आहे त्यांच्या घरी आम्ही येऊ. येताना प्रत्येकीने एक कोरे पाकीट मात्र आणा. त्यात काय लिहायचे ते तुम्ही ठरवाल आणि ते तुमच्याच कपाटात राहील.